जाळी घालवायची कशी? लांब लेन्स घेऊन प्राणिसंग्रहालयात

पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघासमोर उभं राहिलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. वाघ काही फार लांब नाही. खंदकाच्या अलीकडून धरा पंधरा-वीस मीटर. ताडोब्यात एवढ्या अंतरावर दर्शन झालं तर जिप्सीतली मंडळी पुढचा महिनाभर तेच सांगत फिरतात. मग तिकीट काढून, ठरलेल्या जागी, हमखास दिसणारा वाघ बघायला गळ्यात दीड-दोन किलोची लेन्स कशाला?

माझी बायको हे दर वेळी विचारते. "मोबाइलमध्येही येतोय की!" येतो, खरंच येतो. मोबाइलमध्ये वाघ येतो, जाळी येते, मागची रंग उडालेली भिंत येते, पाण्याचा पाइप येतो आणि कोपऱ्यात कुणाचं तरी कोपरही येतं. सगळंच लख्ख येतं. तिथेच तर गडबड आहे. प्राणिसंग्रहालयात लांब लेन्स लागते ती प्राण्याला जवळ आणायला कमी आणि बाकीचं सगळं घालवायला जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे उभं राहायचं, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) किती ठेवायचं, किती वेळ थांबायचं, ही उत्तरं आपोआप मिळायला लागतात.

किती लांब लेन्स पुरते

आधी साधा हिशेब. प्राण्याचं अंतर गुणिले सेन्सरची (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीची) रुंदी, भागिले लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा). चौकटीत प्राण्याच्या जागी किती रुंद पट्टा मावेल ते यातून कळतं. क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची, रुंदी साधारण २३ मिलिमीटर धरा. पंधरा मीटरवरच्या वाघावर ३०० मिलिमीटरची लेन्स रोखली तर जवळपास १.२ मीटरचा पट्टा दिसतो, म्हणजे डोकं, खांदे आणि पुढचे पाय. ४०० ला ९० सेंटिमीटरच्या आत आणि ६०० ला जेमतेम ६० सेंटिमीटर, म्हणजे नुसतं तोंड.

तेव्हा घरात ७०-३०० किंवा ५५-२५० असेल तर नवीन काही घेऊ नका. आधी तीच घेऊन जा. मला विचाराल तर या कामासाठी १००-४०० सगळ्यात सोयीची. १५०-६०० मी भाड्याने आणून पाहिली आहे. दोन किलोच्या आसपास वजन. शिवाय यातल्या बऱ्याच लेन्स अडीच मीटरच्या आतलं काही फोकसच करत नाहीत. शेकरू अगदी जाळीजवळ येऊन बसली होती आणि मी बावळटासारखा मागे मागे सरकत होतो. मागे शाळेची सहल उभी होती.

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून फोकल लेंथ वाढवणारं भिंग, मात्र घरी ठेवा. १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातो, दुपटीचा दोन स्टॉप. आणि पुढे दिसेल की इथे जास्तीत जास्त उघडं ॲपर्चर हेच आपलं हत्यार आहे.

गेटच्या आत शिरण्याआधी कॅमेऱ्यात काय लावायचं

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, फोटो काढा. जाळी आणि काच यांच्यामुळे गेलेला कॉन्ट्रास्ट नंतर ओढून आणायचा असतो, जेपेगमध्ये त्याला फार वाव राहत नाही.

मोड मॅन्युअल (शटर आणि ॲपर्चर आपण ठरवायचं), आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो. ऑटोची वरची मर्यादा ६४०० लावा. ॲपर्चर लेन्स देईल तेवढं मोठं, म्हणजे एफचा आकडा सगळ्यात लहान. शटर स्पीडचा जुना नियम आहे फोकल लेंथइतका: क्रॉप बॉडीवर (क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ती दीडपट धरायची, म्हणजे ४०० मिलिमीटरला १/६०० सेकंद. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर झोपलेल्या सिंहाला १/१२५ सुद्धा चालतं, पण स्टॅबिलायझर तुमचा हात स्थिर करतो, प्राण्याला नाही. चालणाऱ्या वाघाला १/५०० हवं. माकडं आणि पक्षी यांना १/१००० च्या खाली जाऊ नका. आयएसओ वाढून दाणे आले तर ते सॉफ्टवेअरने घालवता येतात. हललेला डोळा कशानेच दुरुस्त होत नाही.

फोकस पॉइंट एकच ठेवा, छोटा. लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं बटण असतं, ३ मीटर ते अनंत किंवा ६ मीटर ते अनंत असं काहीतरी लिहिलेलं. ते लांबच्या बाजूला सरकवा. म्हणजे लेन्स जाळीवर अडकून पुढे-मागे कुरकुरत बसणार नाही. नव्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत प्राण्यांचा डोळा शोधणारा फोकस असतो. मोकळ्या खंदकापलीकडे तो झकास चालतो, जाळी मध्ये आली की बऱ्याचदा गोंधळतो. अशा वेळी आधी हाताने रिंग फिरवून प्राणी साधारण स्पष्ट करा आणि मग शटरचं बटण अर्धं दाबा.

जाळी

आता मुख्य मुद्दा, इथे जरा रेंगाळू या.

वाघाच्या डोळ्यातून निघालेला उजेड लेन्सकडे येताना शंकूसारखा पसरत येतो. टोक वाघाच्या डोळ्यात, तळ तुमच्या लेन्सच्या तोंडाशी. हा तळ किती रुंद? फोकल लेंथ भागिले ॲपर्चरचा आकडा. ३०० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ वर असेल तर ३०० भागिले ५.६, म्हणजे साधारण ५३ मिलिमीटर. आता लेन्ससमोर वीतभर अंतरावर ३ मिलिमीटर जाडीची तार आहे. ५३ मिलिमीटर रुंद शंकूतून ती ३ मिलिमीटरची एक चिंधी कापते. बाकीचा उजेड तिला वळसा घालून आत येतो. चित्रात तार दिसत नाही, चित्र किंचित मंद होतं एवढंच.

हाच फोटो ५५ मिलिमीटरवर काढला तर शंकूचा तळ जेमतेम १० मिलिमीटर. तीच तार त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अडवते आणि वाघाच्या तोंडावर राखाडी पट्टा येतो. ३०० वरच राहून ॲपर्चर एफ १६ केलंत तर तळ १९ मिलिमीटर, पुन्हा पट्टे. मोबाइलच्या लेन्सचं छिद्र तर काही मिलिमीटरचं. त्याच्यासाठी तार म्हणजे भिंतच.

म्हणून माझी पारख अशी: लेन्सचा हा तळ जाळीच्या एका घराइतका तरी रुंद असावा. दोन इंची जाळी म्हणजे ५ सेंटिमीटरचं घर, आणि ३०० ला एफ ५.६ वर आपल्याकडे ५.३ सेंटिमीटर आहेत. मग चित्रातल्या प्रत्येक बिंदूवर तारेची अडवणूक जवळपास सारखीच होते. सारखी झाली म्हणजे पट्टे उरत नाहीत, उरतं ते सगळीकडे सारखं पसरलेलं पुसट धुकं. ते घरी गेल्यावर काढता येतं.

अंतराचंही असंच. शंकू वाघाच्या दिशेने निमुळता होत जातो. जाळी तुमच्यापाशी असेल तर ती रुंद भागात येते, वाघापाशी असेल तर टोकाशी. कठड्यामुळे तुम्ही जाळीपासून दीड मीटर मागे असलात तरी वाघ पंधरा मीटरवर असेल तर फारसं बिघडत नाही, शंकू तिथेही ४८ मिलिमीटर भरतो. पण वाघ जाळीला खेटून बसला असेल तर जगातली कुठलीही लेन्स जाळी घालवू शकत नाही. तेव्हा फोटो काढू नका. नुसतं बघा, वाघ इतक्या जवळून बघायला मिळणं हेच पुष्कळ आहे.

एवढं सगळं करूनही माझा पहिला दिवस वाया गेला होता. बिबट्याचे अडीचशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तो सगळे दुधात बुडवल्यासारखे. तारा कुठेच दिसत नव्हत्या, पण बिबट्याही धड दिसत नव्हता. कारण नंतर कळलं. जाळीवर थेट ऊन होतं. चकचकीत तारेवर ऊन पडलं की ती स्वतःच दिवा होते आणि तो उजेड सगळ्या चित्रावर पसरतो. तेव्हापासून पिंजऱ्यापाशी गेलो की मी आधी जाळी बघतो, प्राणी नंतर. सावलीत असलेली बाजू शोधतो. ती नसेल तर लेन्सच्या समोरच्या तेवढ्याच तारांवर सावली पाडतो. टोपीने, काळ्या छत्रीने, बरोबर मित्र असेल तर त्याच्या पाठीने. लेन्सचा हूड (पुढे लावायची सावलीची कड) कायम चढवलेला ठेवा. काळा रंग दिलेली जाळी मिळाली तर नशीब समजा.

एक बारकावा राहिला. वाघामागे पानांतून चमकणारा उजेड असेल तर त्या उजेडाच्या गोल ठिपक्यांत जाळीच्या रेघा उमटतात. वाघ स्वच्छ आणि मागे चौकडीचा रुमाल वाळत घातल्यासारखं. उपाय एकच, मागे गडद काहीतरी येईल अशी जागा धरायची. सावलीतली झाडी उत्तम.

काच

काचेला हे गणित लागू नाही. इथे शत्रू म्हणजे प्रतिबिंब, आणि बहुतेक वेळा आपल्याच पांढऱ्या शर्टाचं. काळा शर्ट घाला. रबराचा हूड काचेला हलकेच टेकवा आणि लेन्स काचेला काटकोनात ठेवा. तिरपं बघितलं की जाड काचेतून दुहेरी, पसरट चित्र येतं आणि लांब लेन्सवर तो दोष जास्तच उठून दिसतो. आधी रुमालाने काच पुसा. आतल्या बाजूची पुसणं आपल्या हातात नाही, बाहेरच्या बाजूला मात्र सकाळपासूनच्या चिमुकल्या पंजांचे ठसे असतात.

मुंबईच्या राणीबागेत २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे मात्र माझी लांब लेन्स बॅगेतच राहते. मंद उजेड, जाड काच, मध्ये पाणी आणि पेंग्विन पाण्यात शिरला की गोळीसारखा सुटतो. ५० किंवा ८५ मिलिमीटरची, एफ १.८ वाली स्वस्त लेन्स तिथे दहापट कामाची. फ्लॅश कुठेच नको. काचेवर तो उलटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि प्राण्याला त्रास होतो तो वेगळाच.

मागची भिंत, पुढचं नाक

जाळी गेली की पुढचा नंबर भिंतीचा. इथेही अंतरांचा खेळ आहे. प्राणी भिंतीला टेकून बसला असेल तर भिंतीवरचं शेवाळसुद्धा मोजता येईल. तोच प्राणी आवाराच्या मध्यावर आला की भिंत विरघळून नुसता रंग उरते. म्हणून मी प्राण्यावर लेन्स रोखण्याआधी मागे काय आहे ते बघतो. निळा दरवाजा, सिमेंटची टाकी, बादली, क्रमांकाची पाटी. दोन पावलं डावीकडे सरकलं तर टाकी झाडामागे जाते का? खाली बसलं तर भिंतीची वरची कड चौकटीबाहेर जाते का? उकिडवं बसायची लाज वाटू देऊ नका. हरणांच्या कुंपणापाशी तर बसल्याशिवाय फोटोच नाही. उभं राहून काढलेलं चितळ म्हणजे पाठीवरचे ठिपके आणि खाली माती.

मोठ्या ॲपर्चरची किंमत मात्र मोजावी लागते. क्रॉप बॉडीवर ४०० मिलिमीटर, एफ ५.६ आणि प्राणी आठ मीटरवर असेल तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे ९ सेंटिमीटरचा. वाघाच्या डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत त्याहून जास्त अंतर असतं. त्यामुळे समोरून फोटो काढताना फोकस डोळ्यावरच हवा. नाक थोडं मऊ झालं तर चालतं, नाक लख्ख आणि डोळे पुसट झाले तर फोटो गेला. मध्ये जाळी नसेल, नुसता खंदक असेल, तर एफ ८ करा. पट्टा १३ सेंटिमीटरपर्यंत जातो.

ऊन, पाऊस आणि काळं-पांढरं

गेट उघडेपर्यंत सकाळचा कोवळा उजेड सरलेला असतो, त्याला इलाज नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर कललेला राहतो म्हणून तेव्हा बरं. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या फरशीवरून हवा थरथरते आणि लांब लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. लेन्स बिघडली असं वाटून लोक दुकानात जातात. माझा आवडता काळ म्हणजे पावसाळ्यातला न बरसणारा दिवस. ढगाचा मऊ उजेड, हिरवं गवत, जाळीवर ऊन नाही आणि गर्दीही निम्मी.

अस्वल समोर आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडला. तो उजेड वाढवतो, अस्वल राखाडी होतं आणि छातीवरचा पांढरट पट्टा जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.७ ते उणे १ करा. पांढऱ्या वाघाला उलट, अधिक ०.७ च्या आसपास, नाहीतर तो मळलेल्या धोतरासारखा दिसतो. जाता जाता: जगभरच्या पिंजऱ्यांतल्या पांढऱ्या वाघांचं घराणं बहुतांशी १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापर्यंत जातं.

थांबणं

लोक एका पिंजऱ्यापाशी सरासरी किती थांबतात ते मी मोजलेलं नाही, पण "झोपलाय" असं म्हणून पुढे जायला अर्धं मिनिट पुरतं. सगळं बघायच्या भानगडीत पडू नका. दिवसाला तीन प्राणी निवडा आणि प्रत्येकाला तास द्या.

मार्चमधली गोष्ट. वाघ सावलीत आडवा, मी कठड्याशी. शेजारी एक मुलगा आजोबांना विचारत होता, "आजोबा, हा मेलाय का?" आजोबा म्हणाले, "नाही रे, पुण्यातला आहे, एक ते चार." कुणीतरी हसलं, सगळे पुढे गेले. मी उरलो. चाळीस मिनिटांनी एक पहारेकरी मागून म्हणाला, "साहेब, उन्हं तापली की टाक्यात जातोच तो. हलू नका." आणि वाघ खरंच गेला. वाघ पाण्यात शिरतो तो पुष्कळदा पाठमोरा. आधी शेपूट, मग मागचे पाय, मग सावकाश बूड टेकवत बसतो, गरम पाण्याच्या टबात आजोबा बसावेत तसा. तोंड शेवटपर्यंत आपल्याकडे. भिंत मागे लांब, खाली पाणी, पाण्यात त्याचंच नारिंगी प्रतिबिंब. बाहेर येऊन त्याने अंग झाडलं तेव्हा माझा शटर स्पीड १/५०० वरच होता आणि थेंबांच्या रेघा आल्या. १/१६०० हवा होता. पाण्यात बसलेला असतानाच तो वाढवून ठेवायला हवा होता.

तेव्हा कर्मचाऱ्यांशी बोला. कोण कधी उठतं, खाणं कधी येतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. संध्याकाळी खाण्याची वेळ जवळ आली की मांसाहारी प्राणी आतल्या दाराकडे कान लावून चालायला लागतात, तेव्हा डोळ्यांत जाग असते. एकाच वाटेवर यंत्रासारख्या येरझाऱ्या घालणारा प्राणीही दिसेल. फोटोसाठी तो सोपा, कारण वळणाच्या जागी आधीच फोकस करून ठेवता येतो. पण ती येरझार बहुधा कोंडलेपणाची असते, आणि मला ते फोटो नंतर बघवत नाहीत.

प्राणी उठावा म्हणून शिट्टी नाही, टाळी नाही, दाणे-बिस्किटं नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खाऊ घालणं, गोंगाट करून त्रास देणं हा गुन्हा आहे. तुमच्या शेजारचा माणूस शिट्टी मारेल. त्याला शांतपणे सांगा. मोठी लेन्स गळ्यात असली की लोक ऐकतात, हा तिचा आणखी एक उपयोग.

आणि वाघ खरंच उठत नसेल तर कात्रजच्या तलावाकडे वळा. पाणकावळे, बगळे, खंड्या. ते कुणाच्याच पिंजऱ्यातले नाहीत. उडत्या पक्ष्याला लेन्सने धरायचा सराव तिथे होतो.

हात

डावा तळवा लेन्सखाली, जिथे सगळं वजन तोललं जातं तिथे. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवलेली. श्वास अर्धा सोडून थांबवा आणि तीन-चार फोटोंची सलग मालिका घ्या. पहिला फोटो बोट दाबताना हलतो, मधला बहुधा स्थिर येतो. कठडा असेल तर रुमालाची घडी ठेवून त्यावर लेन्स टेकवा, पण लेन्स कठड्याच्या पलीकडे काढू नका. पट्टा मनगटाला किंवा गळ्यात हवाच, खंदकात पडलेली लेन्स कुणी काढून देत नाही. ट्रायपॉड गर्दीत अडथळा होतो. मोनोपॉड (एकपायी स्टँड) न्यायचा असेल तर तिकीट खिडकीवर आधी विचारा, कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क किती तेही तिथेच कळेल.

घरी आल्यावर

पहिल्या फेरीत डोळा लख्ख नसलेला प्रत्येक फोटो उडवा, पोज कितीही भारी असो. मग धुकं घालवणारा स्लायडर, ज्याला सगळे डीहेझ म्हणतात, तो हळूहळू वाढवा. जाळीमुळे आलेला पुसटपणा त्याने बराच जातो. काळ्या रंगाची पातळी जरा खाली ओढा. काचेतून काढलेल्या फोटोवर हिरवट झाक असते, व्हाइट बॅलन्स किरमिजीकडे सरकवा. कान आणि मिशा चौकटीच्या कडेला कापल्या जात नाहीत ना ते बघून क्रॉप करा.

फोटो कुठेही टाकलात तरी खाली प्राणिसंग्रहालयाचं नाव लिहा. जाळी इतकी छान गेलेली असते की लोक जंगलातला समजतात, आणि आपणही गप्प बसतो. वन्यजीव छायाचित्रणाच्या बऱ्याच स्पर्धांत बंदिस्त प्राण्यांचे फोटो चालत नाहीत, काही ठिकाणी तसं स्पष्ट नोंदवावं लागतं.

हो, आणि बुधवारी जाऊ नका. कात्रज आणि राणीबाग, दोन्हीकडे बुधवारी सुट्टी असते. मी गेलोय. दोनदा.